वैद्यकीय सेवक आणि कायद्याचे साहाय्य

(आरोग्य कर्मचारी, पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या तालुका मेळाव्यात माहिती खात्याच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी दिलेले व्याख्यान)



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. या म्हणीत अनुभवाचे सार आहे, यात शंका नाही. परंतु पायरी चढायची की नाही हे प्रत्येक वेळी आपल्या हाती असते असे नाही. दुसऱ्याने आपल्याला त्या पायरीवर खेचले तर काय करावे, हे ती म्हण सांगत नाही. आजच्या काळात हा प्रसंग ज्यांच्यावर येण्याचा संभव पुष्कळ आहे, असा एक वर्ग म्हणजे आपले डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ आणि घरोघर फिरणाऱ्या आरोग्य सेविका. म्हणून आजचा विषय मी मुद्दाम निवडला आहे.

मी वकील नव्हे आणि वैद्यही नव्हे. शासनाची आणि कायद्याची माहिती लोकांना समजेल अशा भाषेत लोकांपर्यंत पोहोचविणे एवढेच माझे काम. तेव्हा एखाद्या विशिष्ट प्रकरणात काय करावे हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. ते वकिलानेच सांगावे. पण कायद्याची सर्वसाधारण वाट कोणती, तिच्यावर काटे कोठे आहेत आणि आधाराची काठी कोठे मिळते, एवढे मी आज आपणांसमोर ठेवू इच्छितो.

वैद्यकशिक्षणाची गोव्यातील परंपरा जुनी आहे. पणजीत 1842 साली वैद्यकशाळा स्थापन झाली. आजचे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय हा तिचाच वारसा. सत्तरीपासून काणकोणपर्यंतचे रुग्ण तेथे जातात, तसेच शेजारच्या सिंधुदुर्गातूनही अनेक जण मोठ्या आशेने येतात. पूर्वी वैद्याचा आणि रुग्णाचा संबंध घरोब्याचा असे. वैद्य सांगेल ते प्रमाण मानले जाई. वैद्याला देवाच्या ठिकाणी मानण्याची आपली चाल होती, आणि देवाला कोणी जाब विचारीत नसतो. आज रुग्ण जाब विचारतो. त्यात वाईट काही नाही. तो त्याचा हक्क आहे. मात्र जाब कोणत्या मार्गाने विचारावा आणि त्याचे उत्तर कोणत्या मार्गाने द्यावे, याची जाण दोन्ही बाजूंना असली पाहिजे.

चार दारे

उपचारात चूक झाली असे रुग्णाला किंवा त्याच्या नातलगांना वाटले, तर कायद्याने त्यांच्यासाठी चार दारे ठेवली आहेत.

पहिले दार ग्राहक आयोगाचे. सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली, इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या प्रकरणात, पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते असा निर्णय दिला. पुढे 1986 चा कायदा जाऊन 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आला. नव्या कायद्यात आरोग्यसेवेचा स्पष्ट उल्लेख नाही, म्हणून डॉक्टर त्यातून सुटले असा युक्तिवाद करण्यात आला. परंतु 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. ज्या इस्पितळात प्रत्येकाला विनामूल्य सेवा मिळते ते या कायद्याखाली येत नाही. मात्र काही रुग्णांकडून पैसे घेऊन काहींना मोफत सेवा देणारे इस्पितळ असेल, तर तेथील मोफत रुग्णही ग्राहकच मानला जातो. तक्रार साधारणपणे 2 वर्षांच्या आत करावी लागते.

दुसरे दार दिवाणी न्यायालयाचे. सरकारी इस्पितळातील मोफत सेवेबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता आले नाही, तरी नुकसानभरपाईचा दावा दिवाणी न्यायालयात करता येतो. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सरकारी इस्पितळात 1963 साली बाळंतपणानंतर एका स्त्रीवर शस्त्रक्रिया झाली आणि पोटात कापडाचा तुकडा राहून गेला. ती स्त्री दगावली. नुकसानभरपाईचा तो दावा खालून वर फिरत फिरत 1996 साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, आणि नोकराच्या हयगयीबद्दल शासन जबाबदार आहे असे न्यायालयाने सांगितले. 1963 ते 1996! तेहेतीस वर्षांचा हा काळ आईविना वाढणाऱ्या लेकरांना काय गेला असेल, याची कल्पना आपण करावी. त्याबरोबरच ज्या डॉक्टरांवर आरोप होता त्यांच्या डोक्यावरही ती टांगती तलवार इतकी वर्षे राहिली, हेही विसरू नये. उशीर हा दोन्ही पक्षांचा शत्रू आहे.

तिसरे दार वैद्यकीय परिषदेचे. व्यवसायाच्या नीतिनियमांचा भंग झाला असेल तर राज्याची वैद्यकीय परिषद चौकशी करून डॉक्टरला ताकीद देऊ शकते, तसेच नोंदवहीतून त्याचे नाव काही काळ किंवा कायमचे काढूही शकते. येथे भरपाई मिळत नाही. येथे परीक्षा होते ती व्यावसायिक आचरणाची.

चौथे दार फौजदारी. येथे डॉक्टरचे स्वातंत्र्यच पणाला लागते, म्हणून याविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे.

हयगय कशाला म्हणावे?

त्याआधी एक मूळ प्रश्न. रुग्ण बरा झाला नाही म्हणजे डॉक्टरने हयगय केली, असे होते काय? कायद्याचे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. मृत्यू येणे वेगळे आणि मृत्यू ओढवणे वेगळे. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर 1953 च्या मे महिन्यात एका तरुणाला अपघात झाला आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्यास नेण्यात आले. तेथे योग्य भूल न देता बळाने हाड ओढून प्लास्टर घातले गेले, आणि त्या धक्क्याने तरुण दगावला, असा न्यायालयाचा निष्कर्ष निघाला. 1968 साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली. रुग्ण स्वीकारावा की नाही हे ठरविताना काळजी घेणे, कोणता उपचार द्यावा हे ठरविताना काळजी घेणे, आणि तो उपचार प्रत्यक्ष देताना काळजी घेणे. डॉक्टरने अलौकिक कौशल्य दाखवावे असे कायदा म्हणत नाही. त्या व्यवसायातील सर्वसाधारण जाणकाराकडे असावे तेवढे ज्ञान आणि तेवढी दक्षता असली की पुरे.

मात्र ज्या पद्धतीचे शिक्षण घेतले नाही त्या पद्धतीची औषधे देणे, ही गोष्ट निराळी. मुंबईतील होमिओपॅथीच्या एका डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण मरण पावला. त्या प्रकरणी 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने असे वर्तन हीच मुळात हयगय ठरविली. खेडोपाडी या नियमाची आठवण वारंवार करून देण्याची गरज आहे.

फौजदारी कायदा आणि अटक

दिवाणी दाव्यात सिद्ध करायची हयगय आणि फौजदारी खटल्यातील हयगय यांत अंतर आहे. लुधियाना येथे 1995 साली एक रुग्ण श्वासासाठी तळमळत असता आणलेला प्राणवायूचा सिलिंडर रिकामा निघाला. त्या घटनेवरून उद्भवलेल्या जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात 5 ऑगस्ट 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन गोष्टी ठरवून दिल्या. एक, डॉक्टरला गुन्हेगार ठरविण्यासाठी साधी चूक पुरेशी नाही, हयगय ढोबळ व गंभीर स्वरूपाची असली पाहिजे. दोन, पोलिसांनी पुढील कारवाई करण्यापूर्वी दुसऱ्या जाणकार आणि निःपक्षपाती डॉक्टरचे मत घ्यावे. तो डॉक्टर शक्यतो सरकारी सेवेतील असावा. तीन, केवळ आरोप झाला म्हणून डॉक्टरला सर्रास अटक करू नये. तपासासाठी किंवा आरोपी पळून जाऊ नये म्हणून आवश्यक असेल तरच अटक करावी.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्या कलम 106 अन्वये हयगयीने मृत्यू घडवून आणणाऱ्यास 5 वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीकडून वैद्यकीय प्रक्रिया चालू असताना असे घडले तर ही मर्यादा 2 वर्षांची असून शिवाय दंडही आहे. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी याचा अर्थ त्या कलमात राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम 2019 वरून ठरविला आहे. त्यामुळे परिचारिका, प्रसाविका किंवा तंत्रज्ञ यांना ती 2 वर्षांची मर्यादा कलमाच्या शब्दांवरून लागू होत नाही. डॉक्टरच्या हाताखाली राबणाऱ्या परिचारिकेला कायद्याच्या साहाय्याची गरज डॉक्टरपेक्षा कमी नाही, उलट अधिकच आहे, हे यावरून दिसून येईल.

न्यायालयाने घालून दिलेले दंडक सर्वत्र पाळले गेले असते तर बरे झाले असते. मार्च 2022 मध्ये राजस्थानातील दौसा जिल्ह्यात बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने एक माता दगावली. इस्पितळापुढे जमाव जमला, आणि प्रसूती करणाऱ्या स्त्री-डॉक्टरवर थेट खुनाचा गुन्हा नोंदविला गेला. दुसऱ्याच दिवशी त्या डॉक्टरने आपले जीवन संपविले. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव ही वैद्यकशास्त्राला ठाऊक असलेली, सर्व काळजी घेऊनही कधी कधी आवरता न येणारी आपत्ती आहे. एका घरातली आई गेली होतीच. त्यात दुसऱ्या घरातली आईही गेली. त्या घटकेला कायद्याची खरी स्थिती सांगणारा एखादा जाणता माणूस त्या डॉक्टरच्या शेजारी उभा असता तर काय झाले असते, हे कोणी सांगू शकणार नाही. पण तसा माणूस शेजारी असावा यासाठी व्यवस्था करणे आपल्या हाती आहे.

संमती आणि नोंद

खटले पुढे न्यायालयात चालतात, परंतु त्यांचे बीज बहुधा इस्पितळातच पेरले जाते, तेही दोन ठिकाणी. एक संमतिपत्र आणि दुसरे रुग्णाच्या उपचारांची नोंद, म्हणजेच आपण ज्याला केसपेपर म्हणतो तो.

समीरा कोहली प्रकरणात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने संमतीचा अर्थ उलगडून सांगितला. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका स्त्रीचे गर्भाशय व बीजकोश तिच्या आईची संमती घेऊन काढून टाकण्यात आले होते. सज्ञान आणि समजदार रुग्णाच्या ऐवजी दुसऱ्याची संमती चालत नाही, आणि तपासणीला दिलेली संमती शस्त्रक्रियेला लागू होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. जीव वाचविण्यासाठी तातडीने करणे भागच असेल तेव्हाची गोष्ट अर्थातच वेगळी. आता आपल्याकडचे चित्र पाहा. इंग्रजीत छापलेला कागद, खाली फुलीची खूण, आणि त्या जागी रुग्णाची सही किंवा अंगठा! अशा कागदाने रुग्णाला काही कळत नाही आणि डॉक्टरचेही रक्षण होत नाही. संमतिपत्र मराठीत किंवा कोकणीत असावे, काय करणार आहोत, त्यात धोका कोणता, दुसरा मार्ग आहे काय, एवढे तोंडी समजावून सांगावे, आणि समजावून सांगितल्याची नोंद करावी. शिक्षक मंडळींना माझी विनंती आहे की, गावातील आरोग्य केंद्राने असे पत्रक तयार केले तर त्याची भाषा सोपी व शुद्ध करून देण्यास त्यांनी हातभार लावावा.

नोंदीविषयी 2002 च्या वैद्यकीय नीतिनियमांत स्पष्ट तरतूद आहे. दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षे जपून ठेवावी, आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास 72 तासांच्या आत द्यावी. किती वाजता तपासले, काय आढळले, कोणते औषध दिले, पुढील इस्पितळात केव्हा पाठविले, हे त्याच वेळी लिहिले पाहिजे. न्यायालयात डॉक्टरची स्मरणशक्ती साक्ष देत नाही, त्याचा कागद देतो. आणि कागदात नंतर केलेली खाडाखोड तर आरोप करणाऱ्याच्या हाती आयते शस्त्र देते.

तातडीचा रुग्ण

आपल्या राज्यातून महामार्ग जातात, आणि अपघात नित्याचे झाले आहेत. जखमी माणसाला इस्पितळात नेले तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, ही भीती लोकांत अजून आहे. आणि पोलीस आल्याशिवाय हात लावू नये, ही समजूत काही इस्पितळांतही दिसते. परमानंद कटारा प्रकरणात 1989 साली सर्वोच्च न्यायालयाने ही समजूत साफ खोडून काढली. जीव वाचविणे हे सरकारी वा खाजगी प्रत्येक डॉक्टरचे आद्य कर्तव्य आहे. पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत. अशा डॉक्टरांना साक्षीसाठी विनाकारण हेलपाटे घालायला लावू नयेत, असेही त्या प्रकरणात बजावण्यात आले. जखमीला मदत करणाऱ्या वाटसरूला 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ ने संरक्षण दिले आहे. तेव्हा ग्रामस्थहो, रस्त्यात पडलेल्या माणसाला उचला, कायदा आपल्या पाठीशी आहे.

हात उगारण्यापूर्वी

आता दुसऱ्या बाजूची गोष्ट. आप्त गेल्याचे दुःख अनावर असते, हे कोणीही मान्य करील. पण त्या दुःखाच्या भरात परिचारिकेच्या अंगावर हात टाकणे आणि इस्पितळाच्या काचा फोडणे, हा न्याय मागण्याचा मार्ग नव्हे. त्या फुटलेल्या यंत्राची गरज दुसऱ्या दिवशी आपल्याच शेजाऱ्याला लागणार असते. कर्नाटकात 2009 साली, महाराष्ट्रात 2010 साली आणि गोव्यात 2013 साली वैद्यकीय सेवकांवरील हिंसाचाराविरुद्ध खास कायदे झाले. महाराष्ट्राच्या कायद्यात 3 वर्षांपर्यंत कारावास व 50,000 रुपयांपर्यंत दंड असून मोडतोड केलेल्या मालमत्तेच्या किमतीच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. सीमेपलीकडील इस्पितळात जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, घटना ज्या राज्यात घडली त्या राज्याचा कायदा लागू होतो.

कोविडच्या साथीत 2020 साली केंद्राने साथरोग कायद्यात दुरुस्ती करून साथीच्या काळातील हल्ल्यांस 3 महिने ते 5 वर्षे आणि गंभीर दुखापत झाल्यास 6 महिने ते 7 वर्षे कारावासाची तरतूद केली. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या सरकारी इस्पितळात कामावर असलेल्या तरुण डॉक्टरवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली आणि सारा देश हादरला. त्यानंतर, 16 ऑगस्ट 2024 रोजी, केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने केंद्र सरकारच्या इस्पितळांना आदेश दिला की, सेवकावर हल्ला झाल्यास संस्थाप्रमुखाने 6 तासांच्या आत पोलिसांत फिर्याद नोंदविण्याची जबाबदारी घ्यावी. यातील तत्त्व प्रत्येक लहानमोठ्या इस्पितळाने स्वीकारण्याजोगे आहे. मार खाल्लेल्या परिचारिकेने एकटीने पोलीस ठाण्यात जावे हे योग्य नाही. फिर्याद संस्थेने द्यावी.

मोफत कायदेशीर मदत कोणाला?

आता आजच्या विषयाच्या गाभ्याकडे येतो. वकील परवडत नाही, म्हणून अनेक जण आपली बाजू न मांडताच हरतात. हे टाळण्यासाठी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 करण्यात आला आणि 9 नोव्हेंबर 1995 पासून तो अमलात आला. गोव्यात राज्य विधी सेवा प्राधिकरण, जिल्हा प्राधिकरणे आणि तालुका समित्या आहेत. अर्ज साध्या कागदावर करता येतो, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याचे म्हणणे तेथे लिहून घेतले जाते. राष्ट्रीय प्राधिकरणाचा 15100 हा मोफत दूरध्वनी क्रमांकही आहे.

या कायद्याच्या कलम 12 मध्ये मोफत मदतीस पात्र व्यक्तींची यादी आहे. अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, स्त्रिया व बालके, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, आपत्तिग्रस्त, कोठडीतील व्यक्ती, तसेच ठरावीक मर्यादेहून कमी उत्पन्न असलेले लोक तीत येतात. यातील एक शब्द मी पुन्हा उच्चारतो: स्त्रिया. स्त्रीला या मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही. म्हणजे येथे बसलेली प्रत्येक परिचारिका, प्रत्येक आरोग्य सेविका, प्रत्येक स्त्री-डॉक्टर मोफत वकील मागण्यास पात्र आहे, मग तिच्यावर हल्ला झालेला असो, तिला नोटीस आलेली असो, की कामाच्या ठिकाणी तिचा छळ होत असो. लैंगिक छळाच्या बाबतीत 2013 चा स्वतंत्र कायदाही आहे. 10 किंवा अधिक सेवक असलेल्या प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि तक्रार साधारणपणे 3 महिन्यांच्या आत करावी लागते. हे हक्क पुस्तकात आहेत. ते माणसांपर्यंत पोहोचले नाहीत तर त्यांचा उपयोग काय?

हीच मदत दगावलेल्या रुग्णाच्या गरीब विधवेलाही तितकीच उपलब्ध आहे. कायदा एका बाजूचा नाही. तोडजोडीची इच्छा असेल तर लोकअदालत आहे. तेथे फी नाही, आणि तेथील निवाडा अंतिम असतो. त्याच अधिनियमाच्या कलम 22अ मध्ये सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांत इस्पितळ व दवाखान्याच्या सेवेचा समावेश आहे, त्यामुळे जेथे स्थायी लोकअदालत असेल तेथे असा वाद न्यायालयात जाण्यापूर्वी नेता येतो. ग्राहक कायद्यातही आता मध्यस्थीची तरतूद आहे. तेहेतीस वर्षे वाट पाहण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी बरा.

ज्यांना हे साहाय्य लागू नाही अशा खाजगी व्यावसायिकांसाठी व्यावसायिक दायित्वाचा विमा असतो. बचावाचा खर्च आणि ठरलेली भरपाई त्यातून मिळते. परंतु फौजदारी दंड, नशेत केलेले काम किंवा पात्रतेबाहेरचा उपचार यांना तो सामान्यतः लागू नसतो, आणि हप्ता चुकवून विमा खंडित झाला तर ऐन वेळी हात रिकामे राहतात. म्हणून विम्याचा कागद घेतल्या दिवशीच नीट वाचून घ्यावा. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही.

नोटीस आली तर

नोटीस आली तर काय करावे, हे थोडक्यात सांगतो. पहिले, ती स्वीकारावी. परत पाठवल्याने ती टळत नाही. दुसरे, तारीख पाहावी. ग्राहक आयोगाच्या नोटिशीला उत्तर देण्यास 30 दिवस असतात, आणि आयोग फार तर आणखी 15 दिवस देऊ शकतो. त्यापुढे एक दिवसही मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 साली ठरविले आहे. चांगली बाजू असूनही केवळ दिवस उलटल्याने हरण्यासारखे दुर्दैव नाही. तिसरे, मूळ कागदपत्रे जशीच्या तशी कुलपात ठेवून त्यांच्या प्रती काढाव्या. चौथे, विमा असेल तर विमा कंपनीला, सरकारी सेवेत असाल तर वरिष्ठांना, तत्काळ लेखी कळवावे. पाचवे, वकिलाकडे जावे व त्याच्यापासून काहीही लपवू नये. सहावे, रागाच्या भरात तक्रारदाराला किंवा वर्तमानपत्राला उत्तर देऊ नये. आणि सातवे, सहकाऱ्यांशी आणि घरच्यांशी बोलावे. नोटीस म्हणजे शिक्षा नव्हे, तो केवळ एक प्रश्न आहे आणि त्याला उत्तर देता येते.

मित्रहो, माझे एवढेच सांगणे. गावातले आरोग्य केंद्र ही गावाची ठेव आहे. तेथे रात्री-अपरात्री जागणारी परिचारिका भयाने काम करू लागली, तर गंभीर रुग्ण दिसताच ती त्याला पुढे बांबोळीला धाडील आणि मोकळी होईल. वाटेत वेळ जाईल तो आपल्या माणसाचा. डॉक्टरच्या मनातली भीती अखेर रुग्णालाच भोवते. उलट, जाब विचारण्याचे दार रुग्णासमोर बंद केले तर बेपर्वाई माजेल. या दोहोंचा तोल कायदा सांभाळतो, परंतु तो कपाटातल्या पुस्तकातून सांभाळला जात नाही. पंचायतींनी तालुका विधी सेवा समितीच्या सहकार्याने आरोग्य केंद्रात वर्षातून एकदा तरी शिबिर भरवावे, समितीचा पत्ता आणि 15100 हा क्रमांक केंद्राच्या दर्शनी भिंतीवर मराठीत व कोकणीत लिहावा, आणि शिक्षकांनी तो वरच्या वर्गांतील मुलांकडून घरोघर पोहोचवावा. यास खर्च रंगाच्या एका डब्याचा आहे. हे काम आपण मनावर घ्याल असा विश्वास व्यक्त करतो आणि माझे भाषण संपवितो.